प्रश्न विचारण्याचं वय

मांडूला पर्यटक येतात ते पावसाळ्यात. जहाज महालाच्या दोन्ही अंगांचे तलाव भरतात, रूपमती मंडपातून नर्मदेच्या खोऱ्यावर उतरलेले ढग दिसतात आणि इंदूरकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. पाऊस सरला, मका-सोयाबीन घरात आलं, की याच डोंगराळ पट्ट्यातली माणसं बाहेरची वाट धरतात. धार, झाबुआ, अलीराजपूर जिल्ह्यांतले भिल्ल आणि भिलाला तरुण गुजरातेत बांधकामावर, शेतात, कारखान्यांत मजुरीला जातात. काही कुटुंबकबिल्यासह, बरेच एकटे. होळीच्या आधी भगोरियाचे बाजार भरतात तेव्हा ते परततात, लग्नं जमतात, सण होतो आणि पुन्हा निघतात. इकडे पीथमपूरच्या कारखान्यांत बाहेरगावची पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात. देवास, इंदूर, धामनोद असा येणारा आग्रा-मुंबई रस्ता पुढे महाराष्ट्रात धुळ्याकडे उतरतो आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक चालतात.

एचआयव्हीच्या प्रतिबंधाचा विचार करायचा तर तो या वाटांवरच करावा लागतो. मध्य प्रदेशात संसर्गाचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे. देशाचं प्रमाणही आता प्रौढांमध्ये 0.2 टक्क्यांवर आलं आहे आणि 2010 च्या तुलनेत नवे संसर्ग 44 टक्क्यांनी घटले आहेत. हे मोठं यश आहे, आणि त्याचं श्रेय राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेला, हजारो समुपदेशकांना आणि वस्त्यांतून काम करणाऱ्या बायकांना द्यायलाच हवं. पण आकडा लहान झाला की त्याबद्दल बोलणंही कमी होतं. आज जो मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्यानं एड्सची भीती पाहिलेली नाही, भिंतीवरच्या जाहिराती पाहिलेल्या नाहीत, आणि शाळेत त्याला कुणी धड काही सांगितलेलं नाही.

परमुलखात जडलेला आजार घरी आल्यावर उघडा पडतो, हे या जिल्ह्यांनी एकदा सोसलं आहे. गोध्रा भागातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेलेले शेकडो आदिवासी तरुण फुप्फुसांत दगडाची पूड घेऊन परतले आणि सिलिकोसिसनं गेले. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निघण्यापूर्वी त्यांना धोक्याची कल्पना कुणी दिली नव्हती. एचआयव्हीची गोष्ट वेगळी आहे. तो टाळता येतो आणि झाला तरी औषधांवर माणूस पूर्ण आयुष्य जगतो. मात्र दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: माहिती ज्याला सर्वांत आधी हवी, त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोचते.

2007 साली काय झालं ते आठवावं. केंद्रानं एड्स नियंत्रण संघटनेच्या मदतीनं शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. त्यावर वादळ उठलं. महाराष्ट्रात विधानसभेत गदारोळ झाला आणि सरकारनं तो थांबवला. मध्य प्रदेशानंही तो थांबवला, आणि आणखी काही राज्यांनी तेच केलं. पुस्तकातली चित्रं अश्लील आहेत, संस्कृतीला हे शोभत नाही, मुलं बिघडतील, अशी कारणं दिली गेली. चित्रांबद्दलचा आक्षेप समजण्यासारखा होता. ती बदलता आली असती. पण चित्रांसोबत सगळा विषयच वर्गाबाहेर गेला.

महाराष्ट्राला हे भांडण नवं नव्हतं. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक लैंगिक आरोग्याविषयी पत्रांतून प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांची सरळ उत्तरं छापत. त्या उत्तरांसाठीच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. त्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी विधानसभेत जी भाषणं झाली, ती ऐकताना त्या खटल्यापासून आपण फार पुढे आलो असं वाटत नव्हतं.

मुलं बिघडतील, हा दावा तपासता येण्यासारखा आहे आणि तो जगभर तपासला गेला आहे. त्यातला सर्वांत बोलका प्रयोग पश्चिम केनियातला. पास्कलीन दुपा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 328 प्राथमिक शाळांमध्ये तो केला. काही शाळांतल्या शिक्षकांना सरकारी अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण दिलं. त्याचा सारा भर लग्नापर्यंत संयम पाळा यावर होता. दुसऱ्या 71 शाळांत मुलामुलींशी एकदाच, सुमारे चाळीस मिनिटं बोलणं झालं. त्यात उपदेश नव्हता. कुठल्या वयाच्या पुरुषांत संसर्ग किती आहे याचे त्यांच्याच भागातले आकडे फळ्यावर मांडले आणि एक छोटी फिल्म दाखवली. तिथं वयानं मोठे, पैसेवाले पुरुष शाळकरी मुलींना भेटवस्तू देऊन जवळ करत, आणि संसर्ग त्याच पुरुषांत जास्त होता. मुलींना हे ठाऊक नव्हतं. उलट थोराड, स्थिरावलेला पुरुष त्यांना सुरक्षित वाटत होता. पुढच्या वर्षभरात संयमाच्या अभ्यासक्रमानं मुलींच्या गरोदरपणात काही फरक पडला नाही. चाळीस मिनिटांच्या आकड्यांनी मात्र ते 28 टक्क्यांनी घटलं, आणि घट मुख्यतः वयस्क पुरुषांपासूनच्या गरोदरपणात होती. शाळकरी मुलींना नेमकी माहिती मिळाली तर त्या तिचा शहाणपणानं वापर करतात, हे यातून दिसलं.

आपल्याकडच्या संशोधनानंही असंच एक गृहीतक मोडून काढलं होतं. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो 1986 मध्ये चेन्नईत. त्या शोधामागे होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या, आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला. नमुने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते, त्यामुळे हा ‘तसल्या’ लोकांचा आजार आहे अशी देशाची समजूत झाली. पुण्यात 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी 13.6 टक्के बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशी, संबंध आल्याचं सांगितलं होतं. 1997 मध्ये हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला. लग्नापर्यंत थांबलेली, नंतर एकनिष्ठ राहिलेली मुलगीही सुरक्षित नव्हती. संयमाचा उपदेश तिनं तंतोतंत पाळला होता.

म्हणूनच लग्नाचं वय हा एड्स प्रतिबंधाचाही प्रश्न आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकारानं किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचे जीवनकौशल्य वर्ग चालवले. कार्यक्रमाच्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष वाढलं, हे ऐकायला थोडं वाटतं. ज्या मुलीचं सोळाव्या वर्षी लग्न होतं तिला विचारलं तर ते थोडं नसतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 1989 मध्ये दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 92 टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. त्या बायका तोवर गप्प का राहिल्या, या प्रश्नातूनच पुढे तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरांची वाट निघाली. मुंबईच्या वस्त्यांत ‘कोरो’ संस्थेच्या साथीनं झालेल्या ‘यारी दोस्ती’ कार्यक्रमात तरुण पोरांशी पुरुषपण, हिंसा आणि निरोध या तिन्हींविषयी एकत्र बोललं गेलं; कंडोमचा वापर वाढल्याचं आणि जोडीदारावरची हिंसा कमी झाल्याचं त्यात आढळलं. हे सगळं मराठी मुलखात घडलेलं काम आहे. आपल्या समाजात हे चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी ते कुठं चाललं ते आधी पाहावं.

आणि मोठ्या प्रमाणावर काय साधतं, तेही मोजलं गेलं आहे. चंडीगढचे डॉ. राजेश कुमार आणि टोरांटोचे डॉ. प्रभात झा यांच्या गटानं 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गरोदरपणातल्या तपासण्यांचे आकडे मांडले. पंधरा ते चोवीस वयाच्या गरोदर मुलींचा लैंगिक संबंध नुकताच सुरू झालेला असतो, म्हणून त्यांच्यात सापडणारा संसर्ग ताजा असतो; साथ वाढते आहे की ओसरते आहे हे त्यावरून ओळखता येतं. महाराष्ट्रासह चार दक्षिणेकडच्या राज्यांत हे प्रमाण 2000 ते 2004 मध्ये 1.7 टक्क्यांवरून 1.1 टक्क्यांवर उतरलं. तेव्हा लस नव्हती, प्रतिबंधाची गोळी नव्हती, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचे मोफत औषधोपचार नुकतेच सुरू होत होते. सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’सारख्या संस्थांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच हाती कंडोमची मोहीम सोपवली होती. वस्तीतल्या बाईनं वस्तीतल्या बाईशी, गिऱ्हाइकाशी बोलायचं. न जन्मलेल्या बाळांच्या आयांपर्यंत त्या बोलण्याचा लाभ पोचला.

आता औषधही आलं आहे. लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या सोळा ते पंचवीस वयाच्या मुलींवर त्याची चाचणी झाली. ते घेणाऱ्या 2,134 जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. 2024 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा वैद्यकविश्वात आनंदाची लाट आली. याच चाचणीत रोज गोळी घेणाऱ्या गटांत संसर्ग झाले, कारण बहुतेक मुलींच्या रक्तात औषध पुरेसं सापडलं नाही. गोळी गुणाची आहे. पण घरच्यांच्या नजरेआड ती रोज गिळणं तरुण मुलीला जमत नाही. जुलै 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या इंजेक्शनची शिफारस केली. त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज आहेत, पुण्याची एम्क्युअरही आहे. 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये ते गरीब देशांना पुरवण्याची घोषणा झाली आहे.

औषधाची वेळ काय असते हे देवासला ठाऊक आहे. क्षयानं खंगलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये तिथं आले, अंथरुणाला खिळून राहिले आणि स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यावर पुन्हा गायले. पण उपचार आणि प्रतिबंध यांत फरक आहे. खोकणाऱ्याला आपण आजारी आहोत हे कळतं, तो औषध शोधत येतो. प्रतिबंधाचं इंजेक्शन घ्यायचं असतं ठणठणीत माणसानं. आपल्याला धोका आहे, हे त्याला आधी समजलं पाहिजे आणि ते कुणाला तरी न लाजता सांगता आलं पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत एचआयव्हीची समग्र माहिती असलेल्या स्त्रिया 21.6 टक्के आणि पुरुष 30.7 टक्के निघाले. पुण्यातून निघालेलं इंजेक्शन धारच्या मुलीला उपयोगी पडायचं तर मधलं अंतर या आकड्यांतून कापावं लागेल.

कागदावर वाट मोकळी आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हा एक विषय नमूद आहे, त्यासाठी प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं आहे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज बोलून दाखवली. मग अडतं कुठं? शिक्षक लाजतो, तो धडा घरी वाचा म्हणून सांगतो. अठराच्या आतल्या मुलाला तपासणीसाठी पालकांची संमती लागते. ज्या मुलाला घरी कळण्याचीच धास्ती आहे तो केंद्राच्या दारातूनच परत फिरतो. मुलांना शोषणापासून वाचवण्यासाठी केलेला पॉक्सो कायदा आवश्यकच आहे, पण त्यातल्या पोलिसांना कळवण्याच्या सक्तीमुळे सतरा वर्षांच्या मुलीशी मोकळेपणानं बोलायला समुपदेशक कचरतात. आफ्रिकेतल्या त्या चाचणीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना सामील करून घेतलं गेलं; म्हणून तर त्यांच्यासाठी औषधाची खात्री देता आली.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या सरकारांनी 2007 ची भीती आता सोडावी. आठवी-नववीच्या वर्गात हा विषय परीक्षेच्या विषयाइतक्याच गांभीर्यानं शिकवावा, आणि शिक्षक अडखळत असेल तर आरोग्यसेविकेला, समुपदेशकाला वर्गात बोलवावं. धार-झाबुआच्या पट्ट्यात मजुरीला निघण्याआधी आणि भगोरियाला परतल्यावर, गावात, भिलीत आणि भिलालीत बोलणारी माणसं नेमून तपासणीची सोय व्हावी. दाहोद आणि गोध्र्याच्या बाजूनं गुजरात सरकारनं तोच धागा पुढे न्यावा. सोळा वर्षांवरच्या मुलामुलींना स्वतःच्या संमतीनं एचआयव्ही तपासणी करता यावी यासाठी संसदेनं 2017 च्या एचआयव्ही कायद्याकडे पुन्हा पाहावं. आणि पालकांनी शाळेत या तासाला विरोध करण्याआधी आपण स्वतः मुलाशी या विषयावर कधी बोललो का, ते आठवून पाहावं.

ज्यांना घरी किंवा शाळेत विचारता येत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक 1097 आहे. फोनला पैसे पडत नाहीत.