माहितीचे भांडवल किनाऱ्यापर्यंत

केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. २५ जून २०१५ रोजी आरंभलेल्या या अभियानात निवडलेल्या शंभर शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. वाहतूक, पाणी, कचरा यांची माहिती तेथे क्षणोक्षणी जमा होऊ लागली. या माहितीच्या बळावर तरुण उद्योजक काय घडवू शकतात, याची चर्चा पुण्या-मुंबईत पुष्कळ झाली. परंतु जनतेच्या पैशातून जमलेली माहिती हे जर समाजाचे भांडवल असेल, तर त्यातील वाटा नागावच्या वाडीवाल्याला आणि शेजारच्या आक्षीच्या कोळीबांधवाला मिळतो काय, असा प्रश्न विचारलाच पाहिजे.

नोंद ठेवावी आणि ती सर्वांसाठी खुली असावी, ही रीत अष्टागराला परकी नाही. शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा मानला जाणारा आक्षीचा मराठी शिलालेख ही देवीला दिलेल्या दानाची जाहीर नोंदच होय. मुंबईतील ट्राम विजेवर चालणार असे ठरताच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींत अडथळा येणार हे ओळखून १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभारली गेली. तिच्या नोंदी शतकाहून अधिक काळ जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडत आहेत.

या परंपरेचे आजचे उत्तम उदाहरण म्हणजे हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. १९९९ साली स्थापन झालेले हे केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य पाहते आणि मासळी कोठे जमण्याचा संभव आहे, हे मच्छीमारांना स्थानिक भाषेत विनामूल्य कळवते. दाट ढगांत ही दृष्टी अधू होते आणि संभव म्हणजे हमी नव्हे. तरीही शोधाशोधीत जाळले जाणारे डिझेल वाचणे म्हणजे छोट्या होडीवाल्याच्या हाती दोन पैसे राहणे. होडीवाला हाही उद्योजकच आहे, याचा आपल्याला विसर पडतो.

नागावचे दुखणे वेगळे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले. हवामान खात्याचा इशारा वेळेवर आल्याने असंख्य जीव वाचले. नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली, तर फळासाठी पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागते. वाडीत झाडे किती, कोणत्या वयाची, याची अद्ययावत नोंद हाताशी असेल, तर पंचनामा आणि विमा दोन्ही सुकर होतील. घराचेही तसेच. २४ एप्रिल २०२० रोजी घोषित झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्याचा भूमी अभिलेख विभाग ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देतात. पाहुण्यांसाठी दोन खोल्या वाढवू पाहणाऱ्या कुटुंबाला बँकेच्या दारात उभे राहण्यास हा कागद बळ देतो.

मात्र ही सारी माहिती खात्याखात्यांत विखुरलेली आहे. हवामान, भरती-ओहोटी, भूजल, बाजारभाव, पर्यटकांची वर्दळ हे सर्व मराठीत, एके ठिकाणी, ग्रामपंचायतीच्या स्तरावर मिळाले, तर गावातील सुशिक्षित मुले त्यातून व्यवसाय उभारतील. आपण हे केले नाही, तर कोणत्या शनिवार-रविवारी नागावच्या खोल्या भरतात, हे परदेशी कंपन्यांना ठाऊक असेल आणि गावालाच ठाऊक नसेल. स्वदेशीचा आजचा अर्थ येथे शोधावा लागेल. त्याचबरोबर ग्रामस्थांची व्यक्तिगत माहिती विक्रीची वस्तू होणार नाही, याची जपणूक २०२३च्या कायद्याला अनुसरून कठोरपणे झाली पाहिजे.

पंडित दीनदयाळजींचा अंत्योदय योजनांच्या घोषणेने साधत नाही. रांगेतील शेवटच्या माणसाच्या हाती साधन पडावे लागते. शासनाने दार उघडावे, हे खरेच. पण समुद्राची सूचना रोज फळ्यावर लिहिणे, मिळकत पत्रिकेतील चूक मुदतीत दुरुस्त करून घेण्यास शेजाऱ्याला मदत करणे, ही कामे गावोगावच्या कार्यकर्त्यांना आजही करता येतील. त्यासाठी नव्या अभियानाची वाट पाहण्याचे कारण नाही.