बातमीच्या वेशातला विक्रेता
साप्ताहिक स्तंभ : ग्राहकभान, एडिसन

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांच्या टॅबवर या धाटणीची बातमी कधी ना कधी उगवतेच : ‘एडिसनच्या आजींना गवसला गुडघेदुखीवर उपाय, डॉक्टरही चक्रावले!’ वर वाहिनीसारखं बोधचिन्ह, शेजारी आजची तारीख, खाली ‘मलाही गुण आला’ म्हणणाऱ्या प्रतिक्रिया. हेच पान पिस्कॅटवेत उघडलं की आजी पिस्कॅटवेच्या होतात आणि उद्या उघडलं की तारीख उद्याची होते. इंटरनेटच्या जोडणीवरून तुमचं गाव ताडायचं आणि मथळ्यात घालायचं, एवढीच ती करामत. आजी नाहीत, बातमीदारही नाही; आहे तो फक्त विक्रेता.

आपल्या या गावाला ज्यांचं नाव आहे, त्या थॉमस एडिसन यांच्या नावावरही अशी बातमी खपली होती. ते इथल्या मेन्लो पार्कमध्ये काम करत असताना, 1 एप्रिल 1878 रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने छापलं, की एडिसननी माती, हवा आणि पाण्यातून अन्न बनवणारं यंत्र शोधलंय. तारखेकडे न बघता इतर वृत्तपत्रांनीही ते खरं मानलं. आदल्याच वर्षी फोनोग्राफ काढणाऱ्या माणसाला अशक्य ते काय, असं लोकांना वाटलं. ती निव्वळ थट्टा होती, कुणाच्या खिशाला चाट बसली नाही. आजचे ठग मात्र नावावरचा हाच विश्वास पैशासाठी वापरतात. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग अ‍ॅपची भलामण करणारा बनावट व्हिडिओ फिरला, तेव्हा खुद्द सचिनला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं.

कायदा झोपलेला नाही. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं लिहा, हे अमेरिकेने सवलतीच्या टपालदराने जाणाऱ्या वृत्तपत्रांना 1912 मध्येच बजावलं. एप्रिल 2011 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने आसाई बेरीची वजन घटवणारी उत्पादनं खोट्या बातम्यांतून विकणाऱ्या 10 टोळ्यांविरुद्ध कोर्ट गाठलं. ‘आमच्या वार्ताहराने स्वतः वापरून पाहिलं’ असा त्या पानांचा दावा होता. पुढे 2016 मध्ये अपील कोर्टाने अशी पानं पसरवणाऱ्या ‘लीडक्लिक’ या जाहिरात कंपनीलाही जबाबदार धरलं. रक्कम होती 1 कोटी 19 लाख डॉलर.

तरीही एक पान बंद पडलं की दुसरं उभं राहतं. म्हणून परीक्षा आपणच घ्यायची. मजकूर खरा वाटतो का, हे बघू नका; तो खरा वाटावा म्हणूनच लिहिलेला असतो. बघायचं ते दुवे कुठे नेतात. खऱ्या वृत्तपत्रात ‘हवामान’वर गेलं की हवामान दिसतं, ‘क्रीडा’वर गेलं की सामने. खोट्या पानावर हवामान, क्रीडा, अगदी बोधचिन्हसुद्धा एकाच ऑर्डर फॉर्मकडे नेतं. संगणकावर क्लिक न करता माउस नुसता दुव्यावर धरला, तरी खाली पत्ता उमटतो. त्यात ‘डॉट कॉम’च्या लगेच आधीचा शब्द वाचा, वृत्तपत्राचं नाव तिथे नसून भलतीकडे असेल, तर पान त्यांचं नाही. मग तोच मथळा त्या वृत्तपत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा. आणि ‘बाटली फुकट, फक्त टपालखर्च द्या’ असं दिसलं, तर तळाची बारीक अक्षरं आधी वाचा. दरमहा पैसे कापण्याची संमती बहुधा तिथेच दडलेली असते.

कार्डाचा नंबर देऊन बसला असाल, तर त्याच दिवशी बँकेला फोन करा आणि बिल निघाल्यापासून 60 दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवा. फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करा. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील, तर तिथली मदतवाहिनी 1930 आहे. आणि सगळ्यात आधी घरात सांगा. मुलं-सुना काय म्हणतील म्हणून गप्प बसलात, तर पुढच्या महिन्याचाही हप्ता जाणार.