मोतीबिंदू आणि तांदळातली अळी



"मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" हे वाक्य आपल्या घरांतून आता जायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत पिकण्याची वाट बघत. आजच्या फेको पद्धतीत फार पिकून घट्ट झालेला मोतीबिंदू उलट काढायला अवघड जातो. तरी आपण थांबतो. आधी चातुर्मास, मग दिवाळी, मग भाचीचं लग्न! त्यातून एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याचं उणं झाकून नेतो.

म्हणून दर पौर्णिमेला एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक तिथी किती फरश्यांवरून वाचता येते ते मोजा. मग दुसऱ्या डोळ्याने. चष्मा नेहमीचा, वेळ तीच, उजेड तोच. आकडे हिशोबाच्या वहीत लिहा. फरश्या कमी होत गेल्या की डॉक्टरांकडे जा.

दवाखान्यातला तक्ता डच डॉक्टर स्नेलन यांनी १८६२ साली काढला. ६/१२ म्हणजे निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते आपल्याला सहा मीटरवरूनच दिसतं. पण त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात. तांदळातली अळी पांढऱ्यावर पांढरीच! आमच्या सासूबाई तक्ता छान वाचायच्या, आणि निवडलेल्या तांदळात अळ्या राहायच्या. जिवाची हिंसा झाली म्हणून मनाला लावून घ्यायच्या, पण डॉक्टरांपुढे गप्प. "निवडण्या-टिपण्याचं त्यांना काय सांगायचं?" शेवटी मीच सांगितलं. डॉक्टरांनी डोळ्यावर उजेड पाडून पुन्हा अक्षरं वाचायला लावली, तर खालच्या दोन ओळी गेल्या. आपलं रोजचं काम हीसुद्धा तपासणीच आहे, ती डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

आणि हो, सत्तरीत अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचता येऊ लागली तर पेढे वाटू नका. मोतीबिंदू वाढतानाही काही दिवस असं होतं. काचबिंदू मात्र या फरश्यांच्या मोजणीत सापडत नाही, तो कडेची नजर आधी खातो. त्यासाठी डोळ्यांचा दाब आणि आतली नस वर्षातून एकदा तपासून घ्याच. डोळा दुखून लाल झाला किंवा एकाएकी अंधारलं, तर त्याच दिवशी निघा, उपवास असला तरी.