नवशिक्यांच्या गटात मुरलेले हात

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरपासून सफदरजंग विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. एअरो क्लब ऑफ इंडियाचे कार्यालय तिथेच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत नेटबॉलचे सामने झालेले त्यागराज बंदिस्त स्टेडियमही याच परिसरात. रबराच्या पिळावर उडणाऱ्या चिमुकल्या विमानांची स्पर्धा भरवायला जागा उत्तम; फक्त वातानुकूलन बंद ठेवावे लागेल, कारण जराशा झोताने ही विमाने भरकटतात. मात्र आयोजकांनी एक नियम आधीच पक्का करावा. नवशिक्यांच्या गटात कोण उतरणार, हे विमान पाहून नव्हे, माणूस पाहून ठरवायचे.

अमेरिकेत ‘ईझी बी’ हा गट नवोदितांसाठी सुरू झाला. लाकडी पंखा, भरीव दांडा, साधी बांधणी. वजनाला मात्र खालची मर्यादा नव्हती. मुरलेल्या हौशींनी ती फट हेरली आणि बाल्सा लाकूड तासून तासून अर्ध्या ग्रॅमहून हलकी विमाने उडवली. असे विमान नवख्याच्या हातात उचलतानाच मोडते! ‘पेनी प्लेन’ गटात मग किमान ३.१ ग्रॅम, म्हणजे त्या काळच्या अमेरिकी सेंटच्या नाण्याएवढे वजन सक्तीचे झाले. तरीही तिथे जाणकारच पुढे राहिले.

याचे कारण रबरात आहे. जाणकार रबर ताणून पीळ देतो, पिळाचा जोर मोजतो, थोडे पीळ उलटे सोडतो आणि मगच विमान हातातून सोडतो. ‘टॅन टू’ रबराचा मे १९९९ चा नावाजलेला साठा आजही काहींनी जपून ठेवला आहे. पहिल्यांदा आलेल्या मुलीला तो कुठून मिळणार? वजनाचा काटा हा फरक दाखवत नाही.

अनुभवींना वगळले तर शिकवणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. त्यांना सभागृहाबाहेर कुणी काढू नये. पीळ देण्याच्या टेबलाशी त्यांची गरज आहेच. त्यांनी विमान उडवावे, वेळही नोंदवावी, पण बक्षिसाच्या यादीत येऊ नये. त्यांच्यासाठी एफ१डी हा आंतरराष्ट्रीय गट आहे: १.४ ग्रॅमचा सांगाडा, ०.४ ग्रॅम रबर. रोमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत या गटाच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. कसब पणाला लावायचे तर तिथे लावावे.

माणसावर मर्यादा घालणे आपल्याला नवे नाही. १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचीच राहिली, म्हणून तिथे नवे नट घडले. अमेरिकेच्या सायन्स ऑलिम्पियाडमध्येही विमान शाळकरी मुलांनीच बांधायचे असते.

इथे नियम सोपा ठेवता येईल. कुठल्याही बंदिस्त स्पर्धेत एकदा पहिल्या तिघांत आलेला स्पर्धक पुढच्या वेळी खुल्या गटात जाईल, आणि प्रवेश अर्जावर मागील स्पर्धांची माहिती देणे बंधनकारक असेल.