दोन रट्टे आणि एक कॅरव्हॅन

मंडळी, गेल्या वर्षी गणपतीच्या आरतीतून आम्ही अर्ध्यावरच निघून गेलो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले. का गेलो, हे मात्र कुणी विचारले नाही. म्हणून आज स्मरणिकेतूनच सांगते.

आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. झांजा, टाळ्या, माइकची शिट्टी आणि शे-दीडशे माणसांचा गलका एकदम कानांवर आदळला, की तो टेबलाखाली शिरून, कान दाबून ओरडू लागतो. त्या दिवशी तेच झाले. मी त्याला बाहेर नेत असताना मागून आवाज आला, "लहानपणीच दोन रट्टे दिले असते, तर ही वेळ आली नसती." बोलणाऱ्या काकांवर माझा राग नाही. ते एकटे असते, तर हा लेख लिहिलाच नसता.

आता कॅरव्हॅनविषयी. "दोघेही एवढे कमावता, मग पत्र्याच्या डब्यात कसली सुट्टी घालवता?" हा प्रश्न आम्हाला दरवर्षी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर सोपे आहे. हॉटेलात खोली नवी, चादरीचा वास नवा, नाश्त्याला शंभर बशांचा खणखणाट. कॅरव्हॅनमध्ये त्याची तीच गादी, तीच गोधडी, तोच वरण-भात आणि हवे तेव्हा लावून घेता येणारे दार. मोटरवेवर कॅरव्हॅन ओढताना ताशी ६० मैलांच्या वर जाता येत नाही, पण घरच बरोबर असल्यावर घाई कसली!

यंदाही रेडिंगहून निघालो आणि सेव्हर्नचा पूल ओलांडून वेल्समध्ये टेन्बीला पोचलो. सासरे रत्नागिरीहून आले होते, तेही बरोबर होते. पहिल्याच संध्याकाळी सार्वजनिक न्हाणीघरात हात वाळवायचे यंत्र घरघरले आणि आमचे चिरंजीव टॉवेलवरच बाहेर धावले. गवतावर पडून वीस मिनिटे किंचाळत होते. आता टोमणा येणार, म्हणून मी मान खाली घातली. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या आजोबांनी आपला रेडिओ बंद केला, कुत्र्याला आत बांधले आणि मला एवढेच विचारले, "काही मदत करू, की लांब राहू?"

मंडळी, एवढा एक प्रश्न! आपल्या सभागृहात तो मला दहा वर्षांत ऐकू आला नाही.

गोरे तेवढे चांगले आणि आपण वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. याच देशातल्या दुकानांत लोकांनी आमच्याकडे पाहून नाके मुरडली आहेत. पण परक्यांनी नाक मुरडले तर घरी येऊन विसरता येते. आपल्या माणसांचे बोलणे मात्र विसरता येत नाही.

"आमच्या वेळी असले काही नव्हते," असेही ऐकवले जाते. होते हो! लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमचे वर्णन १९४३ साली केले. मुले त्याआधीही होतीच. आपल्या वाड्यातला तो 'घुम्या', गल्लीतला तो 'चक्रम' आठवून पाहा. त्यांनी रट्टे भरपूर खाल्ले. त्याने कोण सुधारला?

दुसरा आरोप आईवर. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने, आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही समजूत पसरवली. शास्त्राने ती केव्हाच टाकून दिली. आपल्याकडे आरोप नेमका उलटा, आईने फार लाड केले म्हणून! म्हणजे माया केली तरी आई दोषी, नाही केली तरी आईच दोषी.

आणि मराठीत ऑटिझमला म्हणतात 'स्वमग्नता'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तसाच आहे, तरी मला तो पटत नाही. त्या शेजारच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी आमच्या पायरीवर भरती-ओहोटीच्या वेळांची पुस्तिका ठेवली होती. पोराला वाळूत पाण्याच्या रेघा मारताना त्यांनी पाहिले होते. दोन दिवसांत त्याने ती पाठ केली. सासऱ्यांनी त्याला कोकणातला हिशेब सांगितला, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. त्याने तो ताडून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, इथे जमत नाही. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते." रट्ट्यांचे पुरस्कर्ते असलेले आमचे सासरे त्या दिवसापासून रोज त्याच्याबरोबर पाणी मोजायला जाऊ लागले. समुद्रात एवढे मग्न असलेल्या पोराला स्वमग्न कसे म्हणायचे?

"एका मुलासाठी शंभर जणांचा उत्साह कमी करायचा का?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे, अजिबात नको. ढोल वाजवा, पण किती वाजता वाजणार ते आधी कळवा. एक लहान खोली शांत ठेवा, तिथे खुर्च्यांचा ढीग लावू नका. पंगतीत त्याने घरचा ब्रेड खाल्ला, तर "मोदक नाही आवडत?" म्हणून चारचौघांत उलटतपासणी करू नका. आणि मुलांच्या कार्यक्रमात पडदा ओढायचे काम असले, तरी एक काम त्याला द्या. इथली नाट्यगृहे अशा मुलांसाठी आवाज आणि दिवे सौम्य ठेवून खास प्रयोग करतात. २०१० च्या समानता कायद्याने संस्थांवरही अशा वाजवी सोयींची जबाबदारी टाकली आहे. भारताच्या २०१६ च्या कायद्यातही ऑटिझमची नोंद आहे. पण मला कायद्याचा बडगा दाखवायचा नाही. आपल्या माणसांना कायदा दाखवावा लागणे हाच मोठा पराभव आहे.

शेवटी, आमच्यासारख्याच आईबापांना एक विनंती. तुम्ही आहात, हे मला ठाऊक आहे. बहिणीच्या लग्नात अडचण नको, नातेवाइकांत चर्चा नको, म्हणून तुम्ही घरी राहता. आम्हीही पुष्कळ वर्षे तेच केले. आपण लपलो, म्हणूनच मंडळाला आपण दिसलो नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा आम्ही सभागृहातच असू, दाराजवळच्या खुर्च्यांवर. तो ओरडला, तर काय विचारायचे ते आता तुम्हाला माहीत आहे. आणि विसर्जनाला समुद्रावर जायचे ठरले, तर भरतीची वेळ त्याला जरूर विचारा.