पहिलं इंजिन डुलणारं!

दोस्तांनो, स्वतः बनवलेलं इंजिन भरभर फिरताना पाहायचंय? मग एकदम रेल्वेच्या इंजिनाला हात घालू नका. सुरुवात करा डुलत्या सिलिंडरच्या इंजिनापासून!

यात वेगळी झडप नसते. दट्ट्याचा दांडा थेट चाकावरच्या खुंटीला जोडलेला. त्यामुळे चाक फिरलं की अख्खा सिलिंडर डावी-उजवीकडे डुलतो. त्याला भोक एकच, मागच्या पट्टीला मात्र दोन. सिलिंडर एकीकडे डुलला की हवा आत, दुसरीकडे डुलला की बाहेर! मधल्या क्षणी दोन्ही भोकं बंद. तेव्हा जड चाकाचा वेगच गाडी पुढे नेतो.

पितळी नळी, तिच्यात बेताने सरकणारा दट्ट्या, पट्ट्या, स्प्रिंग आणि चाक, एवढं सामान पुरे. भोकं पाडायला आणि डाग द्यायला मात्र जाणकार मोठं माणूस सोबत हवंच.

चालत नाही? बहुतेकदा हवा गळत असते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सिलिंडरची आणि पट्टीची एकमेकांना टेकणारी बाजू घासा, अगदी सपाट होईपर्यंत. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा.

आणि वाफ? ती मुळीच नको! पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. बंद डबा तापवलात तर तो बॉम्बसारखा फुटेल. त्यापेक्षा मित्राला सायकलचा पंप मारू द्या आणि तुम्ही चाकाला द्या टिचकी. फिरलं? शाब्बास, इंजिनिअरसाहेब!