टक्केवारी हाताची की हुन्नराची?

हॉटेलच्या भट्टीवर भाजलेल्या आचाऱ्याचा भरपाईचा अर्ज आयुक्तांसमोर चालतो, तेव्हा सगळा वाद बहुधा एकाच कागदाभोवती घुटमळतो. तो कागद म्हणजे अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. डॉक्टरांनी १५ टक्के लिहिले असतील, तर अर्जदाराचा वकील ते २०वर नेऊ पाहतो, विमा कंपनीचा वकील १०वर आणू पाहतो आणि निकाल मधेच कुठेतरी स्थिरावतो. या ओढाताणीत मूळ प्रश्न विचारायचाच राहून जातो. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ शरीराला झालेली इजा मोजतच नाही. त्या इजेमुळे माणसाची कमावण्याची कुवत किती गेली, ते तो मोजतो. या दोन टक्केवाऱ्या एकच आहेत असे आपण, म्हणजे अर्ज लिहिणारे आणि साक्षी तपासणारे, गृहीत धरतो. हॉटेल कामगारांचे सर्वांत मोठे नुकसान या गृहीतकाने केले आहे, असे आमचे मत आहे.

कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के असे आकडे ठरवून दिलेले आहेत. ही यादी मुख्यतः तुटलेल्या अवयवांची आणि गेलेल्या दृष्टीची आहे. तिच्यावर कारखान्यातल्या यंत्राची छाया आहे. हॉटेलातली इजा वेगळी असते. उकळते तेल, वाफ, तापलेला तवा आणि मोरीजवळची ओली फरशी ही तिची कारणे. हात जागेवर असतो, पाचही बोटे मोजता येतात. पण खोल भाजलेली जखम भरताना कातडी आवळत जाते आणि बोटे तळव्याकडे ओढली जातात. रोपण केलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे तो भाग उष्णता सहन करत नाही. आता डोसा घालणाऱ्या वस्तादाचा हात डोळ्यांसमोर आणा. तव्यावर पाण्याचा शिपका मारायचा, वाटीच्या बुडाने पीठ गोल फिरवत कडेपर्यंत न्यायचे, उलथन्याने कडा सोडवायची, आणि हे तव्याच्या धगीत तासन्‌तास करायचे. मूठ पुरती वळत नसेल आणि धग सोसवत नसेल, तर हा माणूस हाताने धड दिसूनही त्या तव्यापुरता संपलेला असतो. प्रमाणपत्रावरच्या १५ टक्क्यांत यातले काहीच येत नाही.

फरक किती पडतो, ते हिशेबाने पाहू. समजा, २०२४ मध्ये ३० वर्षांचा, महिना २२,००० रुपये पगाराचा वस्ताद भाजला. पगार २१,०००च्या वर असल्याने तो कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेर राहतो. भरपाईसाठी मात्र त्याचे वेतन १५,०००च धरले जाते. ३ जानेवारी २०२०पासूनची कमाल मर्यादा तेवढीच आहे. (या विसंगतीवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.) त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये. १५ टक्के धरले, तर त्याच्या हाती २,८०,७७३ रुपये येतात. कुवतीची हानी ६० टक्के ठरली, तर ११,२३,०९२. इजा तीच, हात तोच.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या शब्दांचाच आहे आणि तो वजनदार आहे. कायमच्या अंशतः अपंगत्वाची व्याख्या अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामे करू शकत होता, त्या सर्वांतली कमाईची कुवत पाहते. फक्त हातातली नोकरी पाहत नाही. म्हणून विरुद्ध पक्ष म्हणतो, वस्ताद गल्ल्यावर बसेल, पार्सल बांधेल. पण व्याख्येतले ‘करू शकत होता’ हे शब्द दोन्हीकडे चालतात. ज्याने कोवळ्या वयापासून भट्टीशिवाय दुसरे काही केले नाही, शिक्षण अर्धवट सोडले, तो त्या दिवशी हिशेबनीस होऊ शकत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने प्रतापनारायण सिंग देव खटल्यात (१९७६) हेच मान्य केले. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराला अनुसूचीतल्या टक्केवारीपुरते मर्यादित ठेवावे, असे मालकाचे म्हणणे होते. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून ते पूर्ण अपंगत्वच, हा आयुक्तांचा निष्कर्ष न्यायालयाने कायम केला. २१ नोव्हेंबर २०२५पासून १९२३चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात सामावला गेला असला, तरी मोजमापाची ही चौकट बदललेली नाही.

दुसरा आक्षेप असा की, अनुसूचीत नसलेल्या इजेची टक्केवारी कायद्याने डॉक्टरवरच सोपवली आहे, मग वकिलाने त्यात का पडावे? सोपवली आहे हे खरे. पण कायदा डॉक्टरला कमाईची कुवत ठरवायला सांगतो, आणि आपण त्याच्याकडून सांध्याच्या हालचालीचा आकडा घेऊन परततो. जखमी माणूस कोणते काम करत होता, हे डॉक्टरला कोणी सांगितलेलेच नसते. मालकांचा आक्षेप सहानुभूतीने ऐकावा असा आहे: त्याला आम्ही त्याच पगारावर गल्ल्यावर ठेवले, मग हानी कसली? असे मालक आहेत आणि ते चांगले करतात. पण तो पगार एका मालकाच्या भलेपणावर उभा आहे. उद्या हॉटेल विकले गेले, तर शेजारच्या हॉटेलात या माणसाला वस्ताद म्हणून कोण घेईल? कुवत तिथे मोजायची असते. छोट्या हॉटेलांवर बोजा पडेल ही भीतीही खरी आहे. तिच्यावरचा उपाय विमा आहे, टक्केवारी दाबणे नव्हे.

म्हणून अर्जात ‘अर्जदार स्वयंपाकी होता’ एवढ्यावर थांबू नका. तो कोणत्या तव्यावर, दिवसाला किती तास, कोणत्या हाताने काम करत होता, ते लिहा. त्याच भटारखान्यातल्या दुसऱ्या वस्तादाची साक्ष घ्या. डॉक्टरला तपासणीआधीच कामाचे वर्णन लेखी द्या आणि साक्षीत टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी विचारा: मूठ किती वळते, पकड किती वेळ टिकते आणि हा हात धगीसमोर किती मिनिटे राहू शकेल.